सात नंबरचा गाळ

प्लॅस्टिकचा पांढरा स्कूप दशांशरावांच्या हातातून निसटला, पाण्यावर दोन गिरक्या घेऊन पुलाखालून निघून गेला. दशांशराव गुडघाभर गाळात रुतलेले. त्याच्यामागे जायला त्यांनी उजवा पाय उपसला, तर पाय वर आला आणि गमबूट खालीच राहिला. मग एका पायावर तोल सांभाळत, हात कोपरापर्यंत घालून त्यांनी बूट शोधून काढला. तोवर स्कूप वळणाआड दिसेनासा झाला होता.

"गेला का?" काठावर गाडीला टेकून उभ्या असलेल्या ड्रायव्हरने विचारलं.

"गेला."

"दुसरा असेल की तुमच्याकडे."

दुसरा होता. दशांशरावांकडे प्रत्येक वस्तू एक जादा असायचीच. शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांचं खरं नाव आता फक्त हजेरीपटात उरलं होतं. मुलगी झाल्याची बातमी सांगताना त्यांनी आधी वजन सांगितलं होतं, तेही तीन दशांश स्थळांपर्यंत. मुलगी झाली की मुलगा, ते लोकांना वेगळं विचारून घ्यावं लागलं. तेव्हापासून ते तोंडावर दशांशराव आणि पाठीमागे नुसते दशांश.

वर्षातून एकदा नदीच्या तळाचा गाळ ठरलेल्या दहा जागांवरून आणायचा आणि त्यात शिसं, क्रोमियम, तांबं, जस्त किती मुरलंय ते मोजायचं, हे त्यांचं काम. मोजायचा धातू, म्हणून गाळाला धातू लागता कामा नये. स्कूप प्लॅस्टिकचा, बरण्या प्लॅस्टिकच्या. त्या दिवशी दशांशराव बोटातली अंगठीसुद्धा घरी काढून ठेवायचे.

काठावर येऊन त्यांनी पिशवी उघडली. तेवीस वस्तूंच्या यादीत अठरावी वस्तू 'जादा स्कूप' अशी होती आणि तिच्यापुढे आदल्या दिवशी केलेली खूणही होती. स्कूपचं पाकीट होतं. पाकिटात स्कूप नव्हता. त्यांनी घरी फोन लावला. फोन आईने घेतला.

"आई, माझ्या पिशवीतला पांढरा स्कूप कुणी घेतला का?"

"तो होय! पिठाच्या डब्यात टाकलाय मी. काय छान मापाचा आहे रे, एका खेपेला चार पोळ्यांचं पीठ येतं. तुझ्या पिशवीत नुसता पडून होता."

"पडून नव्हता, आई. ठेवला होता."

"मग तेच म्हणते मी."

ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं. "साहेब, एक वाजता वरून पाणी सोडतात. मग सात नंबर बुडतो. आणि आठ, नऊ, दहा राहिलेत अजून."

दशांशरावांनी पिशवी पुन्हा चाचपली आणि त्यांच्या हाताला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी टणक लागलं. ते आईचं कुंड्यांमधलं छोटं फावडं होतं. त्याची मूठ ढिली झाली होती, म्हणून येताना दुरुस्त करून आण, असं सांगून तिने सकाळी दिलं होतं. पातं लोखंडी आणि त्यावर पिवळाधमक रंग.

त्यांनी फावड्याकडे पाहिलं. नदीकडे पाहिलं. नियमावलीत एक वाक्य होतं. अगदीच नाइलाज झाला तर धातूच्या हत्याराने गाळ काढावा, मात्र हत्याराला लागलेली बाजू टाकून मधलाच भाग घ्यावा आणि तशी नोंद करावी. या वाक्याचा सव्वीस वर्षांत त्यांनी कधी उपयोग केला नव्हता. ज्यांनी केला, त्यांना नावं मात्र ठेवली होती.

ते पुन्हा गाळात उतरले. फावडं आत घातलं तेव्हा खाली कुठेतरी दगड लागला आणि खर्रकन आवाज झाला. त्यांनी मधला भाग बोटांनी काढून बरणीत भरला. आठ, नऊ आणि दहा नंबरला वाळू जास्त होती. तिथे बरणीनेच काम भागलं. गाडीत बसल्यावर त्यांनी सात नंबरचा तक्ता काढला. 'वापरलेलं साधन' या रकान्यात 'प्लॅस्टिक' असं छापूनच आलेलं होतं. ते खोडून 'लोखंडी फावडं' लिहायचं होतं. हात चिखलाने माखलेले होते. पेन खिशात होतं. आधी हात धुऊ, मग लिहू, असं त्यांनी ठरवलं. प्रयोगशाळेत पोचून हात धुऊन झाले तेव्हा ड्रायव्हरने सगळे तक्ते नीट गोळा करून कार्यालयात जमासुद्धा केले होते. एरवी या माणसाकडे साधी पावती चार वेळा मागावी लागे.

पुढचे पंधरा दिवस गाळ वाळवणं, चाळणं, कुटून पिठासारखा बारीक करणं आणि आम्लात उकळणं यात गेले. मग तो यंत्रात गेला आणि आकडे बाहेर पडू लागले. एक नंबर, नेहमीसारखा. दोन, तीन, चार, नेहमीसारखे. सात नंबरला शिसं दर वर्षी किलोमागे अडतीस-चाळीस मिलिग्रॅम यायचं. या वेळी आलं दोन हजार एकशे चाळीस. क्रोमियम साठावरून गेलं पाचशे ऐंशीवर.

दशांशरावांनी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला.

मोठ्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, धावत आल्या. त्यांना धावताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. अकरा वर्षं त्या दर वर्षी एकच अहवाल पाठवत होत्या, 'सर्व धातू मर्यादेत'. वरचे लोक तो न वाचता फायलीला लावत होते. एका वर्षी मॅडमनी चुकून आदल्या वर्षीचाच अहवाल पाठवला, तर त्याचीही पोच आली होती.

"दशांशराव, आकडा आलाय!" घरात पाळणा हलावा तसा आनंद त्यांच्या तोंडावर होता.

"मॅडम, मला जरा शंका येतेय. पुन्हा तपासू."

"तपासा ना. दहादा तपासा."

त्याच बरणीतला गाळ त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा उकळला, पुन्हा यंत्रात घातला. दोन हजार एकशे बावीस. तिसऱ्यांदा घेतला. दोन हजार एकशे एकावन्न. शंका घ्यावी तितका आकडा पक्का होत चालला. आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या वेळी दशांशरावांनाही आतून थोडं बरं वाटलं. सव्वीस वर्षं माणूस मोजत राहतो, त्याला एकदा तरी काहीतरी सापडावंसं वाटणारच.

"सात नंबरच्या काठावर कोण आहे?" मॅडमनी नकाशा पसरला.

"एक प्लेटिंगचा कारखाना आहे. नळ, सायकलची हँडलं, खुर्च्यांचे पाय चकचकीत करून देतात."

"क्रोमचं प्लेटिंग?"

"हो."

"आणि त्या टाकीत शिशाच्या पट्ट्या सोडतात ना?"

"सोडतात."

मॅडमनी पेन्सिलने नकाशावर गोल काढला. "आणखी काय पुरावा हवा तुम्हाला?"

फावड्याची गोष्ट दशांशरावांच्या ओठांवर आली होती. पण लोखंडाच्या फावड्यातून फार तर लोखंड येईल, शिसं कसं येईल, असा त्यांनी शास्त्रीय विचार केला आणि ती गोष्ट गिळली. अहवाल गेला. ज्या खात्याला गळका नळ बदलायला दोन वर्षं लागत, त्या खात्याने नवव्या दिवशी कारखान्याला सील ठोकलं.

मग बातमीदार आला. दुसऱ्या दिवशी पेपरात 'नदीच्या पोटात शिसं' असा मथळा आणि त्याखाली बरणी उजेडात धरून बघणाऱ्या दशांशरावांचा फोटो. आईने पाच अंक आणवले. सोसायटीच्या अध्यक्षांनी गच्चीवर छोटासा सत्कार ठेवला आणि भाषणात दशांशरावांना 'आपल्या बिल्डिंगमधला वाघ' म्हटलं. वाघाने खाली मान घालून पुष्पगुच्छ घेतला. आभार मानायला तो उभा राहिला, तेव्हा त्याची नजर गच्चीच्या कोपऱ्यात गेली. तिथे आईच्या कुंड्या होत्या आणि एका कुंडीत ते फावडं खोचलेलं होतं.

पात्याच्या टोकाशी पिवळा रंग नव्हता. बोटाएवढ्या लांबीचा पट्टा उडून खालचा गंज दिसत होता.

"मी... मी सर्वांचा..." दशांशराव म्हणाले आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावना दाटून आल्या असतील, असं अध्यक्ष म्हणाले.

लोक पांगल्यावर त्यांनी आईला गाठलं. "आई, फावड्याला रंग कधी दिलास?"

"झाला महिना-दीड महिना. सारखं गवतात हरवायचं बघ. आता लांबून दिसतं."

"कुठला रंग?"

"घरातलाच. माळ्यावर डबा होता ना, तुझ्या बाबांनी शाळेच्या फाटकाला आणलेला. बाबा हेडमास्तर होते तेव्हाचा. झाकण उघडता उघडेना, पण आत रंग कसा, अगदी लोण्यासारखा! आताच्या रंगांत काही दम नाही."

दशांशरावांनी कागद घेतला. जुन्या पिवळ्या रंगात शिसं आणि क्रोमियम एकत्र असतं, वजनाने चारास एक. त्यांनी सात नंबरच्या आकड्यांतून दर वर्षीचे आकडे वजा केले आणि एकाने दुसऱ्याला भागलं. उत्तर आलं चार पूर्णांक शून्य चार. प्लेटिंगच्या कारखान्यातून घाण आली असती तर क्रोमियम जास्त आणि शिसं कमी असतं. इथे सगळं उलटं होतं. ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ओळखली असती. दशांशरावांनी तीनदा तपासून ओळखली नव्हती. कारण त्यांनी आकडा तपासला होता, तो आवडल्यावर.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"अहो, म्हणजे त्या माणसाचा कारखाना सासूबाईंच्या फावड्याने बंद पडला?"

"फावड्याने नाही. माझ्यामुळे. रकान्यात लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं."

"मग उद्या जाऊन सांगून टाका."

"सांगणार. पण कसं सांगू?"

"तोंडाने," बायको म्हणाली आणि पुढचा शर्ट उचलला.

सकाळी ते मॅडमच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा त्या म्हणाल्या, "फावडं?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "पिवळं?"

"चूक माझी आहे, मॅडम. आपण दुरुस्तीचं पत्र पाठवू आणि फेरनमुना घेऊ."

"फेरनमुना!" मॅडमनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. "हे वाचा. फेरनमुना कारखाना चालू असतानाच घ्यावा. बंद असताना घेतला तर तो ग्राह्य नाही."

"मग चालू करू द्या."

"सील काढायला फेरनमुना स्वच्छ यावा लागतो."

दोघंही पुस्तकाकडे बघत राहिले. पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दशांशरावांसारखा माणूस आला नसावा.

"दशांशराव, एक सांगू?" मॅडमचा आवाज खाली आला. "अकरा वर्षांनी आपला अहवाल कुणीतरी वाचलाय. आता आपणच म्हणायचं की तो खोटा आहे?"

"पण तो खोटा आहे, मॅडम."

"ते मला कळतंय हो. म्हणून तर बसवत नाहीये." त्या उठून खिडकीशी गेल्या. "लिहून द्या. सगळं लिहून द्या. मी सही करून वर पाठवते. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

दशांशरावांनी साडेचार पानं लिहून दिली. त्यात फावड्याची लांबी-रुंदीसुद्धा होती. मग ते जेवणाच्या सुट्टीत निघाले आणि कारखान्यापाशी आले.

फाटकाला लाखेची मोहोर होती. बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कारखान्याचा मालक, साठीचा एक माणूस, बाह्या दुमडून बसला होता. त्याच्या नखांना हिरवट छटा होती. आयुष्यभर रसायनात हात घातलेल्या माणसाची नखं तशी होतात. दशांशरावांना पाहताच तो उठला आणि त्याने दुसरी खुर्ची पुसून पुढे केली.

"या साहेब. फोटोवरून ओळखलं. तपासायला आलात ना? तुम्ही येणार हे मला माहीत होतं. मी सगळ्यांना सांगत होतो, तो माणूस काटेकोर आहे म्हणतात, तो पुन्हा बघायला येणारच."

"मी तपासायला..."

"आत जाता येणार नाही, पण इकडून सांडपाण्याची टाकी दिसते. या, या!"

दशांशरावांना हाताला धरून त्याने कुंपणाच्या बाजूला नेलं. आत शेडमागे सिमेंटची तीन कप्प्यांची टाकी होती. बारा वर्षांपूर्वी बांधली, तो सांगू लागला. पहिल्या कप्प्यात पाणी शांत होतं, दुसऱ्यात औषध घालायचं, तिसऱ्यात उरलंसुरलं खाली बसतं. नदीकाठच्या पाच प्लेटिंगवाल्यांपैकी अशी टाकी त्याची एकट्याचीच. बाकीचे हसायचे.

"बायको म्हणायची, घराला रंग द्यायचं सोडून तुम्ही घाणीला खोल्या बांधताय. तरी बांधली. तीन दिवसांनी एकदा मी स्वतः साफ करतो. मग साहेब, हे शिसं आलं कुठून? मी रोज इथे बसून हाच विचार करतो. टाकीला चीर गेली असेल का? माझंच कुठेतरी चुकलं असेल का?"

दशांशरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात समोरच्या टपरीवरून प्लेटिंगवाल्यांनी दोन चहा मागवले. चहा हातात आल्यावर तर बोलणं आणखीच अवघड झालं. ज्याचा कारखाना आपण बंद पाडला, त्याच्याच चहाचा घोट घेऊन सुरुवात करायची तरी कुठून?

"तुमचं काही चुकलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "टाकीलाही चीर नाही. माझ्या आईचं एक फावडं आहे."

प्लेटिंगवाल्यांना वाटलं, साहेब विषय बदलताहेत. "बरं," ते सौजन्याने म्हणाले.

मग दशांशरावांनी सगळं सांगितलं. स्कूप, पिठाचा डबा, दगड, शाळेचं फाटक, तक्त्यातला रकाना. कपातल्या चहावर साय धरली.

"म्हणजे," प्लेटिंगवाले म्हणाले, "पेन तुमच्या खिशात होतं."

"होतं."

"आणि हात मळलेले होते."

"हो."

"माझे हात चाळीस वर्षं मळलेलेच आहेत, साहेब." ते रागाने बोलले नाहीत. रागावले असते तर दशांशरावांना बरं वाटलं असतं. त्यांनी कप खाली ठेवला. "एक मात्र बरं केलंत. टाकीला चीर नाही म्हणालात. आज जरा झोप लागेल."

पुढचे पाच महिने त्या साडेचार पानांनी प्रवास केला. एका टेबलावर 'फावडं सादर करावं' असा शेरा पडला, म्हणून फावडं पाठवलं. दुसऱ्या टेबलावर 'हे फावडं कोणाचं?' अशी विचारणा झाली, म्हणून आईचा जबाब झाला. आईने जबाबात रंगाची स्तुती केली आणि स्कूपही परत हवा असेल तर घेऊन जा, म्हणून सांगितलं. तिसऱ्या टेबलावरच्या अधिकाऱ्याला हा सगळा प्रकार इतका चमत्कारिक वाटला, की प्लेटिंगवाल्यांनी दशांशरावांना फितवलं असावं अशी टीप त्याने फायलीत घातली. तिचा खुलासा करण्यात दीड महिना गेला. शेवटी खास बाब म्हणून आठ दिवसांसाठी सील काढायचं, कारखाना चालवायचा आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने नमुना घ्यायचा असं ठरलं.

सात नंबरला शिसं आलं सदतीस, क्रोमियम अठ्ठावन्न. दहा जागांत सगळ्यात स्वच्छ गाळ तोच निघाला. दशांशरावांना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची एक वेतनवाढ थांबली. पेपरात दुरुस्ती छापून आली, चार ओळींची, हरवले-सापडलेच्या खाली. आईने तिचाही अंक आणवला, पण पाच नाही, एकच.

सील निघालं त्या दिवशी दशांशराव मुद्दाम कारखान्यावर गेले. शेडमध्ये प्लेटिंगवाले एकटेच होते.

"माणसं कुठे आहेत?"

"नऊ होते. पाच महिने कोण थांबणार? सात जण वरच्या अंगाला, चार नंबरच्या काठी गेले. तिथल्या कारखान्याकडे माझं सगळं काम गेलंय ना. नळवाले गेले, सायकलवाले गेले. मी फोन केले सगळ्यांना. म्हणाले, काका, तुमच्याबद्दल पेपरात आलं होतं. मी म्हटलं, नंतर दुरुस्तीही आली होती. म्हणाले, ती नाही बघितली."

"मी सांगतो त्यांना. मी स्वतः जातो."

"नको साहेब." प्लेटिंगवाल्यांनी एक गंजकं हँडल उचललं, उजेडात फिरवलं आणि परत ठेवलं. "तुम्ही गेलात तर ते फावड्याचं विचारतील. उगाच हसं होईल."

दशांशराव तरीही गेले. तीन ठिकाणी गेले. तिन्ही ठिकाणी लोक आपुलकीने बोलले, चहा विचारला आणि फावड्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली. एकाने तर घरातल्यांना बाहेर बोलावून पुन्हा एकदा सांगायला लावली. काम कुणीच परत पाठवलं नाही. दिवाळं निघालं म्हणावं असं काही प्लेटिंगवाल्यांच्या बाबतीत घडलं नाही. एके दिवशी त्यांनी यंत्रं विकली, शेड कुणाला तरी गोदामाला दिली आणि ते घरी बसले, एवढंच.

वर्ष फिरलं. दशांशराव पुन्हा नदीवर गेले. या वेळी पिशवीत चार स्कूप होते, चारही दोरीने बांधलेले. प्रत्येक तक्त्यातलं छापील 'प्लॅस्टिक' खोडून त्यांनी हाताने पुन्हा 'प्लॅस्टिक' लिहिलं आणि खाली सही केली. पंधरा दिवसांनी आकडे आले. सात नंबर नेहमीसारखा. आणि चार नंबरला क्रोमियम सहाशे बारा, शिसं नव्वद.

त्यांनी भागाकार केला. क्रोमियम जास्त, शिसं कमी. रंग नव्हे. हे खरंच प्लेटिंगच्या टाकीतून आलेलं होतं. सगळं काम ज्याच्याकडे गेलं होतं, त्याच्याकडे सांडपाण्याची टाकी नव्हती. एवढं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं आणि एवढं पाणी नदीत सोडलंही नव्हतं. दशांशराव कितीतरी वेळ त्या कागदासमोर बसून होते. ते पाणी कुठून सुटलं होतं, हे त्यांना मागे मागे जात थेट आपल्या हातापर्यंत दिसत होतं.

त्यांनी कागद मॅडमपुढे ठेवला.

मॅडमनी तो वाचला, उलटा करून ठेवला आणि कपाळ चोळलं. "दशांशराव, मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण वर कोण ठेवणार? तुमच्या नावाचा अहवाल, त्यात क्रोमियम आणि शिसं. उघडायच्या आधीच हसतील हो. आकडे कानावर आले तेव्हाच मी फोन करून विचारलं. म्हणाले, आधी त्यांच्या आईंना विचारा."

"मग नदीत हे असंच जात राहणार?"

"साक्षीदार आणा. बाहेरचा, जाणकार, तुमच्यासाठी खोटं बोलणार नाही असा. त्याच्यासमोर नमुना घ्या, त्याची सही घ्या. मग मी ते दारात उभी राहून वाचायला लावीन."

संध्याकाळी दशांशराव एका इमारतीचे तीन मजले चढून गेले आणि दाराची घंटा वाजवली. प्लेटिंगवाल्यांनी दार उघडलं. नखांवरची हिरवट छटा गेली होती. स्वच्छ हातांमुळे ते उगाचच म्हातारे दिसत होते.

"या," ते म्हणाले. या वेळी त्यांनी खुर्ची पुसली नाही.

दशांशरावांनी उभ्याउभ्याच चार नंबरचे आकडे सांगितले. साक्षीदाराचं सांगितलं. "तुम्हाला विचारायला तोंड नाही मला. पण प्लेटिंगचं पाणी ओळखणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही. आणि... माझ्या बाजूने खोटं बोलाल, असं तुमच्याबद्दल कुणी म्हणणार नाही."

आतून प्लेटिंगवाल्यांची बायको डोकावली. "कोण आहे?"

"गाळवाले साहेब," प्लेटिंगवाल्यांनी सांगितलं. मग दशांशरावांकडे वळून विचारलं, "सहाशे बारा म्हणालात?"

"सहाशे बारा. तीनदा काढलं."

"बरोबर आहे तुमचं. त्याची प्लेटिंगची टाकी किती मोठी आहे, मला माहीत आहे. दिवसाला तीन खेपा करत असेल तर तेवढं येणारच." मग ते म्हणाले, "माझी सात माणसं आहेत तिथे. तो कारखाना बंद झाला तर तीही घरी बसतील."

"बंद करा, असं मी लिहिणार नाही. सांडपाण्याची टाकी बांधायला लावा, असं लिहीन. पण वरचे काय करतील, ते मी सांगू शकत नाही."

"हे मात्र खरं बोललात." प्लेटिंगवाले आत गेले. बराच वेळ कुजबुज ऐकू येत राहिली. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात जुने गमबूट होते. "टाकी कशी बांधायची ते त्याला मी दाखवीन. ऐकला तर ऐकला. किती वाजता निघायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते दोघं चार नंबरच्या गाळात उतरले. ड्रायव्हर काठावरून पाहत होता. प्लेटिंगवाल्यांनी स्कूप मागून घेतला, उलटसुलट करून बघितला, नखाने खरवडून बघितला आणि परत दिला. बरणी भरली. झाकण लागलं. काठावर येऊन दशांशरावांनी तक्ता आणि पेन पुढे केलं.

प्लेटिंगवाल्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. दशांशराव पाण्याची बाटली उघडू लागले.

"राहू द्या," प्लेटिंगवाले म्हणाले आणि त्यांनी तसंच पेन घेऊन सही केली. सहीवर अंगठ्याचा काळा ठसा उमटला. दशांशरावांनी तो पुसला नाही.